नोंदणी क्रमांक

[दृश्य: पहाट. कळवा स्टेशन. सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल, लेडीज डबा.]

निवेदन:
सकाळच्या लोकलमध्ये कुणी भाजी निवडतं, कुणी पोथी वाचतं, कुणी खिडकीला डोकं टेकून रात्रीची उरलेली झोप पुरी करतं. ही मात्र स्टॅटिस्टिक्स करतेय. वय चौतीस. मांडीवर वही, वहीत मीन, मीडियन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. शेजारची बाई जरा वेळ बघते आणि विचारते, "मुलाचा अभ्यास का हो?"

"नाही हो, माझाच."

ती नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. सरकारी कागदावर अधिपरिचारिका, पेशंटच्या तोंडी सिस्टर. सध्या अभ्यास-रजेवर. तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी (प्रसूतीसेवा) डिप्लोमा हातात होता, त्यावर आता दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. शेवटच्या वर्षाला रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो, आणि त्या पेपरला वॉर्डात भल्याभल्यांना न घाबरणाऱ्या बाया घाबरतात.

[दृश्य: चाळीची गॅलरी. वाळत घातलेला पांढरा ॲप्रन.]

निवेदन:
तिची गोष्ट दहावीनंतर सुरू झाली. मार्क बरे होते, पण सायन्स घेतलं नाही. सायन्स म्हणजे क्लास, क्लास म्हणजे फी, आणि वडिलांची नोकरी तेव्हा डळमळलेली. ज्युनिअर कॉलेजात 'किमान कौशल्य' नावाची शाखा होती. तिच्यात एक विषय होता लहान मुलं, वृद्ध आणि आरोग्यसेवा यांचा. चाळीत या शाखेला कुणी मान देत नव्हतं. पोरगी गटांगळ्या खाणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

खरं तर तिथेच एक दार होतं, आणि ते तिला दाखवलं कॉलेजातल्या एका मॅडमनी. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, वर सीईटी. जीएनएमला तसं नाही. कुठल्याही शाखेची बारावी, इंग्रजी विषय आणि चाळीस टक्के. बारावी व्होकेशनलला हेल्थ केअरचे विषय घेतलेल्यांनाही इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, म्हणजे देशातल्या नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात जागा आहे. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, होऊन नोंदणी झालेल्या मुलीलाही जीएनएमला जाता येतं.

[दृश्य: स्टेशनबाहेरची इमारत. जिन्यात चिकटवलेल्या जाहिराती.]

निवेदन:
त्याच चाळीतल्या, दोन खोल्या सोडून राहणाऱ्या मैत्रिणीने दुसरं दार उघडलं. स्टेशनबाहेरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सहा महिन्यांचा 'नर्सिंग कोर्स'. युनिफॉर्म मिळाला, बीपी बघायला शिकवलं, शेवटी सोनेरी कडांचं सर्टिफिकेट. घरात पेढे वाटले.

आज ती मैत्रीण, रुग्णांना घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे घरोघरी जाते. बारा तासांची ड्युटी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. काम मन लावून करते. कूस कशी बदलायची, बेडसोअर होऊ नये म्हणून पाठ कशी पुसायची, हे तिला एखाद्या शिकाऊ नर्सपेक्षा चांगलं जमतं. सगळे तिला सिस्टरच म्हणतात. पण ते सर्टिफिकेट महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नर्स म्हणून नोंदणीसाठी चालत नाही, आणि जीएनएमच्या प्रवेशात त्याला शून्य किंमत आहे. वर चढायचं तर पुन्हा बारावीच्या मार्कशीटपासून सुरुवात.

जनरल ड्युटी असिस्टंटचे सरकारमान्य कौशल्य कोर्सही आहेत. त्यांत वाईट काही नाही, रुग्णालयांना ही माणसं लागतातच. आमचं म्हणणं एवढंच, की हा असिस्टंटचा कोर्स आहे हे ॲडमिशनच्या टेबलावरच सांगायला हवं. ते सांगत नाहीत.

[दृश्य: नर्सिंग शाळेची स्किल लॅब. मॅनिकिन, चादरी, लोखंडी खाट.]

निवेदन:
वॉर्डात कॅमेरा नेला नाही. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर लाईट मारायचा कशाला? म्हणून ही लॅब. खाटेवर झोपलेला हा रबरी गृहस्थ वर्षानुवर्षं न कुरकुरता इंजेक्शनं घेतोय.

पहिल्या वर्षी बेडमेकिंग. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, वर सुरकुती नको. मुली हसतात, याला काय शिकायचं? ज्याला आठ दिवस पाठीवर पडून राहायचंय त्याच्या कातडीला ती सुरकुती काय करते, हे वॉर्डात गेल्यावर कळतं. मग टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. मग सलाईनचे थेंब मोजणं. मग लेबर रूम, जिथे प्रसूती स्वतःच्या हातांनी करायच्या आणि प्रत्येकीची नोंद केस बुकात करून सिस्टरची सही घ्यायची. ती सही मिळवणं हा वेगळाच अभ्यासक्रम. सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर देत असताना वही पुढे केलीत तर संपलात.

आणि हे सगळं मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असावी, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं. फ्लोअर बेड म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय, खाटा भरल्यावर जमिनीवर घातलेल्या गाद्यांमधून जो वाट काढत गेलाय, त्याला हे प्रमाण ऐकून काय वाटतं ते आम्ही विचारलं नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. दगडी इमारती, घंटाघर.]

निवेदन:
या शहरात नर्सिंग आधी रुग्णालयात शिकवलं गेलं, विद्यापीठात फार नंतर. १८४५ सालचं जे. जे., १८८६ सालचं कामा. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत एक ओळ असते: प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका बाई काशीबाई गणपत, साल १८९१. बस, तेवढंच. त्यांच्या घरचे काय म्हणाले असतील, याची ओळ नाही. पदवी देशात आली १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोरला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज सुरू झालं १९६४ मध्ये.

त्या अंतराची खूण वॉर्डात आजही ऐकू येते. डिप्लोमावाल्या म्हणतात, डिग्रीवाल्यांना हात नाही. डिग्रीवाल्या म्हणतात, डिप्लोमावाल्यांना 'का' विचारता येत नाही. गंमत म्हणजे कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये दोघींची नोंद एकच: रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ. एएनएमचं रजिस्टर वेगळं.

[दृश्य: कागदपत्रांची फाइल. पानं उलटणारा हात.]

निवेदन:
तिच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळे शिक्के लागतात. जीएनएमच्या परीक्षेचा, राज्याच्या नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षण मंडळाचा. नोंदणीचा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा. आणि आता पदवीचा येईल, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. तीन कार्यालयं, तीन रांगा, तीन ठिकाणी नावाचं स्पेलिंग सारखं हवं. एका अक्षराने तिचे दोन महिने खाल्ले. देशातला १९४७ चा नर्सिंग कौन्सिल कायदा बदलून राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. रांगा कमी होतील का ते बघू.

नोकरी आणि कॉलेज एकत्र चालवायची सोय फार थोडी. इग्नूचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आहे, नोकरीतल्या नर्ससाठी, तीन वर्षांचा. बाकी कॉलेजं पूर्ण वेळेची. सरकारी नोकरीत रजा मिळू शकते. खासगीत बहुतेकदा राजीनामाच द्यावा लागतो. म्हणून तिच्याबरोबरच्या तीन मैत्रिणींनी फॉर्म भरलाच नाही. घराचा हप्ता, सासूचं डायलिसिस, एकीचं मूल दीड वर्षाचं.

जर्मनीत याची मांडणी वेगळी आहे. शिकाऊ नर्स रुग्णालयाशी करार करते, शाळा आणि वॉर्ड आलटून पालटून, तीन वर्षं, आणि शिकताना पगार. पदवीचा मार्गही २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने जोडला गेला, आणि २०२४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मोबदला मिळतो. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्या नर्सिंगच्या मुलींच्या तोंडी 'बी टू'ची, म्हणजे जर्मन भाषेच्या त्या पातळीची, भाषा आली आहे. तिथे गेल्यावरही इथला डिप्लोमा तपासला जातो. कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा.

तिला जर्मनीला जायचं नाही. पदवीनंतर ट्यूटर होता येतं, पब्लिक हेल्थ नर्सच्या जागेसाठी अर्ज करता येतो. पण आत्ता विचारलं तर ती दुसरंच सांगते. नऊ वर्षं ती पेशंटच्या तक्त्यावर आकडे लिहीत होती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा तिने तेच आकडे महिनाभर एकत्र मांडले आणि तिला दिसलं, की आपल्या वॉर्डात सलाईनची जागा सुजते ती बहुतेक रात्रपाळीनंतर. का, ते अजून तिला कळलेलं नाही. रजा संपल्यावर बघणार आहे.

[दृश्य: संध्याकाळ. परतीची लोकल.]

निवेदन:
भायखळ्याला चौथी सीट मिळाली. समोर चाळीतलीच एक वहिनी, हातात गुलाबी पत्रक. "ताई, हिचं बारावी झालं. हे बघा ना जरा, चांगलं आहे का?"

पत्रकावर पांढऱ्या टोपीतली हसरी मुलगी. खाली मोबाइल नंबर. ती तिथल्या तिथे फोन लावते.

"कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का?"

पलीकडून शंभर टक्के नोकरीबद्दल सांगितलं जातं. हप्त्यांबद्दल. हॉस्टेलबद्दल.

"ते झालं. रजिस्ट्रेशन मिळतं का?"

फोन कट होतो. कुर्ला येतं. वहिनीची मुलगी पत्रकाची घडी घालते, आणि मग विचारते, "मावशी, जीएनएमचा फॉर्म कधी निघतो?"