‘जसा’ गळून पडतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्यातली दुपार. अंगणात खाटेवर जुनं धोतर अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातलेत. ओट्यावर बसलेली सासू नुसतं म्हणते, “आभाय भरून आलं वं!” आणि सून हातातलं काम टाकून अंगणात धावते. सासूनं बिबड्यांचं नावसुद्धा घेतलेलं नाही. तरी जे कळायचं ते कळलं. शब्दाच्या या शक्तीला आपलं साहित्यशास्त्र व्यंजना म्हणतं. सरळ अर्थ सांगते ती अभिधा. आणि गाडीत शेजारचा प्रवासी हलवून उठवतो, “उठा, भुसावळ आलं,” तेव्हा ती लक्षणा. भुसावळ जागचं हललेलं नसतं, आलेली असते गाडी.

मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलं अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणायची. ‘जसा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. परीक्षेत गुणही मिळायचे. पण कवीला तिथे ‘जसा’ का लागला, हे कुणी विचारत नसे. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्या बहिणाबाई चौधरीच घ्या. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मल्या, 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी ऐकून उतरवून घेतली, ती पुस्तकरूपानं आली 1952 साली, त्यांच्या मागे. उपमेय म्हणजे ज्याची तुलना करायची ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी करायची ते; हे शब्द त्यांना कुणी शिकवले नव्हते. पण ऐका:

“अरे, संसार संसार,
जसा तवा चुल्ह्यावर”

इथे संसार हे उपमेय, तवा हे उपमान, ‘जसा’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द. राहिला दोघांमधला सारखेपणा, म्हणजे साधारण धर्म. तो त्या पुढच्याच ओळींत सांगतात: आधी हाताला चटके, मग भाकर. ही उपमा रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाच सुचेल.

आता मनाविषयीचं गाणं:

“मन वढाय वढाय,
उभ्या पिकातलं ढोर”

इथे ‘जसं’ नाही, ‘जणू’ नाही. मन ढोरासारखं आहे असं त्या म्हणतच नाहीत. मन हेच ढोर. हे रूपक. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या असतात. उत्प्रेक्षेत एक म्हणजे जणू दुसरीच, असं वाटायला लागतं; बोंडं फुटलेली कपाशी पाहून आपण म्हणतो ना, जणू चांदणंच शेतात उतरलंय! रूपकात मात्र मधलं अंतरच मिटतं. संसाराकडे त्या थोड्या अंतरावरून बघू शकल्या, म्हणून तिथे ‘जसा’ टिकला. मनाच्या बाबतीत तेवढी सवड नाही. ढोर पिकात शिरलंय, बांधावर उभं राहून तुलना कोण करत बसणार? हे माझं वाचन आहे, पण मला ते पटलेलं आहे.

अनुप्रास, यमक हे कानाचे अलंकार. ते जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यांना निराळे शिकवावे लागत नाहीत.

एकदा वर्गात ‘वढाय’चा अर्थ सांगत होतो. ओढाळ, म्हणजे हाकललं तरी पुन्हा पुन्हा पिकात शिरणारं जनावर. त्याला आवरायला गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, ते लोढणं. “गळ्यात लोढणं पडलं” असं आपण सगळेच म्हणतो. पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी खरं लोढणं पाहिलेलंच नव्हतं. मी फळ्यावर काढून दाखवलं: चालताना पुढच्या पायांवर आदळेल असं लोंबणारं लाकूड. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ त्या चित्राकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, “सर, मग मनाच्या गयात काय बांधाचं?”

गाण्यात ते सांगितलेलं नाही. पुढची ओळ मी त्याला वाचून दाखवली: “किती हाकला हाकला…”