गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

नमस्कार मंडळी. हा अ‍ॅम्प्लिफायर. याच्या कडेला हा गेनचा बारका नॉब आहे, एका टोकाला 6 व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्या टोकाला 0.2 व्होल्ट. आवाज कमी वाटला की बरेच जण स्क्रूड्रायव्हर घेऊन हाच पिळतात, आणि गाडीच्या दाराचे स्पीकर इथेच जळतात.

गेनचं काम एवढंच, की स्टिरिओकडून येणारा सिग्नल जेवढ्या व्होल्टचा असेल त्याच्याशी अ‍ॅम्पचा मेळ घालायचा. सिग्नल कमजोर असेल तर 0.2 कडे जायचं, दणकट असेल तर 6 कडे. नॉब अर्धाच फिरवलाय म्हणून अ‍ॅम्प अर्धीच ताकद देतोय, असं अजिबात नाही. गरजेपेक्षा जास्त गेन दिलात की आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. 50 वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप झाला तर जवळपास 100 वॅट बाहेर फेकू शकतो, आणि ती सगळी उष्णता स्पीकरच्या कॉइलमध्ये जाते. मी हे करून बसलोय. दारातून आलेला तो जळकट वास अजून आठवतो.

आता सेटिंग करूया. आधी अ‍ॅम्पमधून स्पीकरच्या वायरी काढा, हे विसरू नका. बेस बूस्ट, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट, अ‍ॅम्पवरचे फिल्टरही बंद. गेन सगळ्यात कमी. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा, म्हणजे 40 पैकी 30.

मग छोटासा हिशोब. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यात ज्याचे आरएमएस वॅट (म्हणजे सतत चालणारी ताकद) कमी, तो आकडा धरा. वॅट गुणिले स्पीकरचे ओहम (म्हणजे त्याचा विद्युत अडथळा), आणि त्याचं वर्गमूळ. 50 वॅट, 4 ओहम: गुणाकार 200, वर्गमूळ 14.1. एवढे व्होल्ट आपल्याला हवेत.

1 किलोहर्ट्झचा (1000 हर्ट्झचा) टेस्ट टोन, म्हणजे एकसारखा सूर, लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, टोकं अ‍ॅम्पवरच्या स्पीकर टर्मिनलला लावा. पण मीटरचं माहितीपत्रक आधी बघा. स्वस्तातले कित्येक मीटर 400 हर्ट्झच्या पुढे चुकीचा आकडा दाखवतात. तुमचा तसा असेल तर 400 हर्ट्झच्या आतला टोन घ्या.

आता बघा इकडे, गेनचा नॉब हळूहळू फिरवतोय, मीटरवरचा आकडा बघा. 6... 9.5... 12... या शेवटच्या टप्प्यात नॉब केसभर हलला तरी आकडा उडी मारतो, म्हणून घाई नको. 13.8... 14.1. बस. हात काढला. दुसरं चॅनेलही मोजा.

टोन बंद करा, स्टिरिओ बंद करा, मगच वायरी जोडा. हाय पास फिल्टर 80 हर्ट्झवर लावा, म्हणजे खालचा बेस दाराच्या छोट्या स्पीकरवर पडणार नाही.

आता ओळखीचं गाणं लावून व्हॉल्यूम सावकाश 30 पर्यंत न्या. गायकाचा 'स' किंवा झांजा चरचरल्या तर गेन थोडा मागे घ्या, मीटर काहीही म्हणो.