४,२९,४९,६७,२९७ : दोनाच्या परीक्षेत पास, तिनाच्या परीक्षेत नापास

फळ्यावरची संख्या आधी मोठ्याने वाचूया. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दम लागतो, पण घडण सोपी आहे : दोनाचा बत्तिसावा घात, अधिक एक.

सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मापुढे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी माळ होती. घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचा आणि एक मिळवायचा. पाचही मूळ संख्या. सहावी आपली ही. तीही मूळच असणार, असं तो धरून चालला; सिद्धता हाती नाही, हे पत्रांतून कबूलही करत होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने सांगितलं, हिला ६४१ ने भाग जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७.

६४१ च का? हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असावा लागतो. (याची सिद्धता ऑयलरने पुढे दिली.) मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या फटक्यात काम फत्ते!

भागाकारही करायला नको. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. म्हणजे ६४१ ने भागताना '५ गुणिले दोनाचा सातवा घात' याची बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी). चौथा घात घ्या : '६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात', बाकी १. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ चालेल. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस नि चार, बत्तीस. उणे चिन्हासकट त्याची बाकी १, म्हणजे चिन्हाविना उणे १; त्यात एक मिळवला की बाकी शून्य. मला हे अजूनही हातचलाखीसारखं वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो : दोनाहून मोठी संख्या मूळ असेल, तर दोनाचा 'त्या संख्येहून एकाने कमी' इतका घात तिने भागल्यावर बाकी १ उरते. आपली संख्या यात बेधडक पास होते. तिने भागल्यावर दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १, चौसष्टाव्याची १, आणि हवा असलेला घातांक ६४ च्या पटीतच आहे. या माळेतली प्रत्येक संख्या, मूळ असो नसो, अशीच सुटते. दोनापासूनच बनलेली, दोन तिला काय पकडणार?

आता दोनाच्या जागी तीन घ्या; सिद्धांत तिनालाही तसाच लागू. घातांक दोनाचा बत्तिसावा घात, म्हणून तिनाचा बत्तीस वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी ठेवायची. पहिले चार वर्ग ९, ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१. इथवर भागाकारही लागत नाही. पुढचे अठ्ठावीस किचकट खरे, पण कागद-पेन्सिलीवर होण्यासारखे. आणि हत्यार फर्माच्याच भात्यातलं. संख्या मूळ असती, तर शेवटी बाकी यायला हवी १. येते ३,०२,९०,२६,१६०.