सहा एपिसोडवाले आणि दोनशे एपिसोडवाले

नमस्कार मंडळी. आज टीव्हीवरच्या विनोदाबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात एका जुन्या भांडणापासून करते. ब्रिटिश कॉमेडी भारी की अमेरिकन? ब्रिटिशवाले म्हणतात अमेरिकन सिरियली गोडमिट्ट, शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. अमेरिकनवाले म्हणतात ब्रिटिशांचं सगळं खडूस, त्यात निम्मं बोलणं सबटायटल लावल्याशिवाय कळत नाही. मग दोन्ही पार्ट्या "अहो त्या लोकांचा स्वभावच तसा" यावर येऊन थांबतात, आणि तिथंच माझं बिनसतं. स्वभाव असेल थोडाफार, नाही कोण म्हणतंय. पण आधी हिशोब बघा ना. एपिसोड किती करायचेत, लिहिणारे किती, पैसे कुठून येणारेत, हे बघितलं की विनोद असा का आणि तसा का याचं बरंचसं उत्तर मिळतं.

'फॉल्टी टॉवर्स' घ्या, एका हॉटेलात घडणारी ब्रिटिश सिरियल. १९७० साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी ग्रुपची मंडळी शूटिंगसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली आणि ग्लेनइगल्स नावाच्या हॉटेलात उतरली. मालक डोनाल्ड सिंक्लेअर. हा माणूस गिऱ्हाइकाला त्रास समजायचा. टेरी गिलियम अमेरिकन, तो काटाचमचा अमेरिकन पद्धतीनं धरतो म्हणून त्याला टोकलं, एरिक आयडलची बॅग दिसली तर बॉम्ब असेल म्हणून बाहेर नेऊन ठेवली, असं ती मंडळी सांगतात. बाकीचे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले, जॉन क्लीझ मात्र राहिला, बायकोलाही बोलावून घेतलं. त्यातून सिरियलीतला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी जन्मला. क्लीझ आणि त्याची बायको कॉनी बूथ, दोघांनीच सगळं लिहिलं, एकेका एपिसोडवर आठवडेच्या आठवडे घालवून. १९७५ मध्ये सहा एपिसोड, मग १९७९ मध्ये सहा (तोपर्यंत दोघांचा घटस्फोट झाला होता, तरी लिहिलं एकत्रच), संपलं. एकूण १२. आज पन्नास वर्षांनी लोक तेच १२ बघतायत.

आता हा बेसिल कसा आहे? बायकोला घाबरतो, बड्या लोकांपुढे लोटांगण घालतो, गरिबावर खेकसतो, बार्सिलोनाच्या बिचाऱ्या वेटर मॅन्युएलला टपल्या मारतो. एका एपिसोडमध्ये ऐन पार्टीच्या रात्री गाडी बंद पडते, तर हा आधी गाडीला दम देतो, शेवटची संधी म्हणून एक-दोन-तीन मोजतो, मग पळत जाऊन झाडाची फांदी घेऊन येतो आणि गाडीला बडवून काढतो. मला तो सीन कितीही वेळा दाखवा, मी हसणार. पण अशा माणसाबरोबर तुम्ही २०० संध्याकाळी काढाल का? नाही काढणार. क्लीझ-बूथना हे माहीत असावं, म्हणून बाराव्यावर दुकान बंद.

अमेरिकेनं याचा रीमेक करायचा तीनदा प्रयत्न केला. १९७८ मध्ये एक पायलट, म्हणजे चाचणीचा एपिसोड, त्यात हार्वी कॉर्मन आणि बेटी व्हाइट. १९८३ मध्ये 'अमांडाज', तिथं तर बेसिललाच बाई करून टाकलं, बी आर्थर. १९९९ मध्ये 'पेन'. बी आर्थर, बेटी व्हाइट म्हणजे काय साधी नावं आहेत का, कॉमेडीतल्या राण्या या, तरी तिन्ही वेळा आपटले. कारण दर आठवड्याला घराघरात येणारा माणूस थोडा तरी आवडायला हवा असं चॅनलला वाटतं, म्हणून तिथं अशा माणसाच्या कडा घासल्या जातात. आणि बेसिलच्या कडा घासल्या की खाली काही उरतच नाही हो, तो सगळा कडांचाच बनलाय.

आता अमेरिकेचा हिशोब बघू. १९५१, 'आय लव्ह लूसी'. तेव्हा बरीचशी टीव्ही सिरियल न्यूयॉर्कहून लाइव्ह जायची. लूसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ म्हणाले आम्ही हॉलिवूड सोडणार नाही, आम्ही फिल्मवर शूट करू, तीन कॅमेरे लावू, समोर खरे प्रेक्षक बसवू. खर्च वाढला म्हणून सीबीएस हे चॅनल कुरकुरलं, तर या दोघांनी स्वतःचा पगार कमी करून घेतला आणि बदल्यात त्या फिल्मचे हक्क आपल्याकडे ठेवले. बास, तिथं सगळा खेळ बदलला, कारण फिल्म असली की पुन्हा दाखवता येते, पुन्हा विकता येते. पुढे अमेरिकेत गणितच बसलं की साधारण शंभर एपिसोड झाले की सिरियल गावोगावच्या स्टेशनांना रोज दाखवायला विकायची आणि खरा पैसा तिथं. मग वर्षाला २२-२४ एपिसोड पाहिजेत, ते एकट्यादुकट्याचं काम नाही, म्हणून टेबलाभोवती दहाबारा लेखक बसवायचे, एकानं जोक टाकायचा, दुसऱ्यानं त्याला धार लावायची. 'फ्रेंड्स' २३६ एपिसोड, 'साइनफेल्ड' १८०. आणि बरं का, साइनफेल्डवाल्यांचा नियमच होता, कुणी मिठी मारायची नाही, कुणी काही शिकायचं नाही. म्हणजे गोडमिट्टचा आरोप त्यांनाही ऐकू येत होताच की.

तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीला जाहिराती नाहीत, लोक टीव्हीसाठी जी लायसन्स फी भरतात तिच्यावर चालतं, शंभर एपिसोडची घाई कुणाला? लेखक एक किंवा दोन, सहा एपिसोड लिही, पुढचं पुढे बघू.

आता कोणी श्रोता म्हणेल, बाई, 'डॅड्स आर्मी'चं काय, ते ८० एपिसोड आहेत. बरोबर आहे. १९६८ ते १९७७, नऊ सीझन, आणि लिहिणारे तरी दोघंच, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. माझ्या हिशोबात हे नीट बसत नाही, मान्य, पण सिरियल इतकी लाडकी आहे की तिच्यावर जरा थांबतेच. दुसरं महायुद्ध, किनाऱ्यावरचं छोटं गाव, तरणी पोरं लढाईवर गेलेली, आणि गाव राखायला म्हातारे आणि एक मफलर गुंडाळलेला पोरगा. कॅप्टन मेनवेरिंग म्हणजे गावातल्या बँकेचा मॅनेजर. हाताखाली सार्जंट विल्सन, बँकेतही तो याचा हाताखालचाच. पण विल्सन खानदानी, महागड्या शाळेत शिकलेला, बोलणं मऊ, आणि मेनवेरिंग स्वतःच्या मेहनतीनं वर आलेला. हुकूम साहेबानं द्यायचा आणि रुबाब मात्र हाताखालच्याचा दिसायचा! ती जळजळ मेनवेरिंग झालेला आर्थर लो नुसत्या चष्म्यावरून बघून दाखवतो, संवाद लागत नाही. अमेरिकन सिटकॉममध्ये श्रीमंत-गरीब खूप सापडतील, पण खिशात काय आहे याच्याशी संबंध नसलेली ही घराण्याची उतरंड ब्रिटिशांकडेच. आपल्याला ती न समजावता समजते, का ते मी सांगायला नको.

बरं, रीमेक नेहमी आपटतात असंही नाही. 'टिल डेथ अस डू पार्ट' ही १९६०च्या दशकातली ब्रिटिश सिरियल, लेखक जॉनी स्पाइट. पूर्व लंडनमधला आल्फ गार्नेट, काळे, परदेशी, तरुण पोरं, सगळ्यांना शिव्या घालणारा. निर्माता नॉर्मन लिअरनं ती अमेरिकेत नेली, १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' आली आणि ओळीनं पाच सीझन देशात एक नंबर. आल्फचा तिथं झाला आर्ची बंकर, तोंडानं तितकाच वाईट, पण लिअरनं त्याला घर दिलं, भोळी बायको एडिथ दिली, भांडणारा जावई दिला, आणि कधीकधी एक क्षण असा दिला की आर्चीला आपलं चुकलं हे कळतं पण मान्य करता येत नाही. आल्फला असं काही कळत नाही. दोघांच्या बाबतीत एक गोची सारखीच झाली, की ज्यांची टर उडवायची त्यातलेच बरेच लोक "वा, काय बोलला!" म्हणून टाळ्या वाजवायला लागले. आर्चीची खुर्ची आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे.

आणि तो मागचा हशा! लाफ ट्रॅक, म्हणजे जोकमागे वाजणारं रेकॉर्ड केलेलं हसणं. (माझ्या या भाषणाला तो नाहीये, तेव्हा तुमचं तुम्ही बघा.) 'मॅश' सिरियलीत ही भानगड मस्त झाली. कोरियन युद्धातलं लष्करी हॉस्पिटल. युद्ध तीन वर्षं चाललं, सिरियल अकरा. लेखक लॅरी गेलबार्टला हशा नको होता, सीबीएसला हवाच होता, शेवटी तडजोड अशी की ऑपरेशन चालू असताना कुणी हसणार नाही. बीबीसीनं हीच सिरियल ब्रिटनमध्ये दाखवली ती हशा काढून. मी दोन्ही पाहिलंय. हशा नसला की हॉकाय हा थकलेला, घाबरलेला डॉक्टर वाटतो जो बडबड करून स्वतःला सावरतोय, आणि हशा असला की तोच माणूस जोक मारणारा हिरो. डायलॉग तेच! १९८३ च्या शेवटच्या भागाला अमेरिकेत दहा कोटींवर लोक बसले होते.

हिशोबाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा पाहिजे तर 'द ऑफिस', एका ऑफिसातल्या मूर्ख साहेबाची सिरियल. ब्रिटिश, २००१ ते २००३, दोन सीझन आणि ख्रिसमसचा दोन भागांचा शेवट, एकूण १४. अमेरिकन, २००५ ते २०१३, २०१. अमेरिकन पहिला एपिसोड जवळजवळ जशाच्या तसा उचललेला, आणि तो चालत नाही, बघताना अंग चोरावंसं वाटतं. दुसऱ्या सीझनपासून त्यांनी आपल्या साहेबाला, मायकल स्कॉटला, थोडा प्रेमळ केला, धंद्यात हुशार केला, मूर्ख ठेवला पण एकटा मूर्ख, आणि गाडी पळायला लागली. मला विचाराल तर ब्रिटिश साहेब, स्लाऊचा डेव्हिड ब्रेंट, जास्त खरा आहे. पण ताप आलाय, अंथरुणात पडलोय, काहीतरी लावायचंय, तेव्हा मी अमेरिकन, स्क्रॅन्टनवालाच लावते.

आपल्याकडे दोन्ही माल आलाय. १९९९ मध्ये झीवर 'हॅलो फ्रेंड्स' आलं, 'फ्रेंड्स'ची हिंदी नक्कल, तोच सोफा, तेच कॉफीशॉप, आणि आपल्याकडे तेव्हा त्या वयाची पोरं आईबापांच्या घरी राहत होती, त्यामुळे कुणाला काही आपलं वाटलं नाही, पडलं. २००१ मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आलं, ब्रिटिश 'यस मिनिस्टर'वरून, फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. तिथं फारसं काही बदलावंच लागलं नाही. फाइल तीच, "कमिटी नेमू या" तेच, मंत्र्याला गोड बोलून गुंडाळणारा सचिवही तोच. कारण ती ऑफिसं मुळात बांधून गेले तेच लोक ना! मिळालं कुठं तर जरूर बघा, फारुख शेखचा चेहरा सचिवाचं लांबलचक वाक्य संपायची वाट बघताना कसा होतो तेवढं बघा.