थोरल्या काकांची मंगलाष्टकं

नमस्कार श्रोतेहो. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा. गाडी चालवत असाल तर मात्र हे करू नका, नुसतं ऐका. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नखावर नजर ठेवा आणि अंगठा हळूहळू नाकाकडे आणा. डोळ्यांत जरा ओढ बसते आहे ना? अजून आणा. नाकापासून चार बोटांवर आला की एकाचे दोन अंगठे होतात. आता नजर उचलून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टाका. सुटल्यासारखं वाटलं? चाळिशी ओलांडलेल्यांना अंगठा दोन व्हायच्या कितीतरी आधीच पुसट दिसला असेल. त्यांच्याकडे मी येतेच आहे.

एवढ्या वेळात तुमच्या डोळ्यांनी तीन कामं केली. दोन्ही डोळे नाकाकडे वळले, डोळ्यातलं भिंग फुगलं आणि बाहुली बारीक झाली. पुन्हा सांगते, कारण पुढे लागणार आहे: डोळे वळले, भिंग फुगलं, बाहुली बारीक झाली. तिन्ही एकदम. जवळचं पाहायचं ठरलं की मेंदू ही तिन्ही कामं प्रत्येक डोळ्याच्या एकाच नसेतून चालवतो, त्यामुळे ती जोडीनं होतात.

संक्रांतीला गच्चीवर पतंगाकडे पाहताना यातलं काहीच होत नाही. सहा मीटरच्या पलीकडचं सगळं डोळ्याच्या लेखी लांबच असतं, तिथे तो निवांत असतो. मांजाला गाठ मारायला मान खाली घातली की तिन्ही कामं सुरू. मांजा म्हणजे सुती बरं का. नायलॉनचा मांजा, बंदी असूनही, आपल्या नागपुरात लोक विकून राहिले आणि घेऊनही राहिले. दर जानेवारीत दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात. पतंग कटली तर कटली, दुसरी येते. असो.

भिंग फुगतं कसं, तेवढं सांगते. भिंगाभोवती स्नायूचं एक कडं असतं आणि त्या कड्यापासून भिंगापर्यंत बारीक तंतू असतात. पोरं गोल करून उभी आहेत, प्रत्येकाच्या हातात दोरी, आणि सगळ्या दोऱ्या मधल्या एका मऊ चेंडूला बांधल्यात, असं समजा. पोरं लांब उभी असली की चेंडू ताणून चपटा होतो. एकेक पाऊल आत आली की दोऱ्या सैल पडतात आणि चेंडू पुन्हा गोल. म्हणजे स्नायू आवळला की भिंग सुटतं आणि फुगतं. लोकांना नेमकं उलट वाटतं. भिंगाचा आकार बदलतो हे टॉमस यंग नावाच्या इंग्रजानं 1801 मध्ये दाखवलं. स्वतःचा डोळा पाण्यात बुडवून! पाण्यात डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची प्रकाश वळवायची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरीही जवळचं-लांबचं जमतंच, मग ते काम आतल्या भिंगाचंच, असा त्याचा हिशोब होता.

आता आमच्या थोरल्या काकांची गोष्ट.

थोरले काका म्हणजे नागपुरातल्या आमच्या अख्ख्या महाल वस्तीतली सगळ्यात तेज नजर, असं ते स्वतःच सांगत. आभाळात ठिपक्याएवढी पतंग कोणाच्या गच्चीवरून उडते आहे, हे खाटेवर पडल्या पडल्या ओळखत. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका. त्यांना शाळेपासून चष्मा, उणे तीन नंबरचा. थोरले काका त्यांना आयुष्यभर ‘ढापण्या’ म्हणाले. लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी ढापण्याच.

मग वाड्यात ताईचं लग्न निघालं. मे महिना, गोरज मुहूर्त. आत्यानं स्वतः मंगलाष्टकं रचलेली, शार्दूलविक्रीडितात, दोन्ही घरच्या यच्चयावत माणसांची नावं गुंफून. ती गुलाबी कागदावर छापून आणलेली, अक्षर बारीक. (हे छापणारे सुधारले नाहीतच. आता तर पत्रिकेवर मोतिया कागद आणि त्यावर चंदेरी अक्षरं. पाहुण्यांनी यावं असं वाटतं की नाही?) म्हणायला अर्थात थोरले काका, कारण आवाज खणखणीत. मी अक्षता वाटायला, ताट घेऊन त्यांच्या शेजारीच.

अंतरपाट धरला. काकांनी कागद समोर घेतला. मग जरा लांब धरला. मग हात पूर्ण लांब केला. पहिलं कडवं गणपतीचं, पाठच होतं, ते दणक्यात झालं. सावधान! अक्षता पडल्या. दुसऱ्या कडव्यात आजोळची नावं सुरू व्हायची. काकांनी पहिले दोन शब्द म्हटले, मग नुसती चाल धरली, ‘हं हं हं’ करत ओळ संपवली आणि जिथे अडले तिथूनच थेट ‘शुभमंगल सावधान’वर उडी मारली. पब्लिकला काय, सावधान ऐकलं की मूठ उघडते. अक्षता पडल्या. कागदावर कुठे होतो हेच काकांना सापडेना, तेव्हा पुन्हा हं हं हं आणि पुन्हा सावधान. माझं ताट रिकामं. मी आत पळाले, आणखी तांदूळ आणले, त्यावर कुंकू नीट चोळायलाही वेळ नव्हता.

परत आले तर काकांनी कागद नवरदेवाच्या भावाच्या हाती दिलेला. “अबे, मांगं घे. अजून मांगं घे. मले दिसून नाही राहिलं!” तो बिचारा मागं मागं सरकत थेट कूलरपाशी. तिथे कागद फडफडायला लागला. शिवाय तेवढ्या लांबून अक्षर स्पष्ट होतं, पण इतकं लहान की वाचायचं काय? कोणीतरी शहाण्यानं टॉर्च आणला. कागदावर झोत पडताच काका वाचायला लागले! दोन कडवी अशी खणखणीत झाली की आत्याचे डोळे भरून आले. मग सेल उतरला, उजेड पिवळा पडला आणि काका पुन्हा हं हं हं. एवढ्यात भटजींना वाटलं आटोपलं, त्यांनी अंतरपाट अर्धा ओढला. आत्या ओरडली, “थांबा, आमच्या घरची नावं राहिली!”

तेव्हा बापूकाका उठले. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, खिशात घातला, कागद नाकासमोर वीतभर-दीड वीतभर अंतरावर धरला आणि त्या अंधूक उजेडात उरलेली कडवी एकही नाव न गाळता म्हटली. मांडवात टाळ्या. थोरले काका माझ्या ताटातले तांदूळ निवडत बसले. पुढे म्हणाले एवढंच, “ढापण्या, तुले चष्म्याशिवाय दिसते तर इतकी वर्षं घातला काहून बे?”

काहून ते सांगते. भिंग जन्मभर वाढत राहतं, थरावर थर चढतात आणि ते कडक होत जातं. कड्याचा स्नायू बऱ्यापैकी जोर लावतो, दोऱ्या सैल सोडतो, पण कडक भिंग फुगतच नाही. दहा वर्षांच्या पोराला सात-आठ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. चाळिशीनंतर तेच अंतर पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातं, साठीला जवळपास मीटरभर. हात पुरत नाही तो इथे. हे सगळ्यांना होतं. बदाम खाणाऱ्यांनाही होतं.

टॉर्चचं गुपित बाहुलीत. उजेड पडला की बाहुली बारीक होते, आणि बारीक छिद्रातून आलेली प्रतिमा भिंग नीट बसलेलं नसलं तरी कमी पसरते. अंधारात बाहुली मोठी होते आणि सगळं पुसट. म्हणून पन्नाशीच्या माणसाला हॉटेलातलं मेनू कार्ड दिवसा वाचता येतं, रात्री नाही. आणि बापूकाका? उणे तीन नंबर म्हणजे त्यांचा डोळा जन्मभर 33 सेंटिमीटरवरच रोखलेला. तिथे वाचायला भिंगानं फुगायची गरजच नव्हती. लांबचं पाहायला मात्र चष्मा हवाच. नजर कोणाची तेज, हा वादच चुकीचा होता.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या फुटपाथवर वाचायचा तयार चष्मा मिळतो. मी त्याच्यावर नाक मुरडणारी नाही, तो डोळे बिघडवत नाही. पण चाळिशीला डोळे तपासले तर काचबिंदूही तपासला जातो. तो गुपचूप नजर खातो, आणि फुटपाथवर तो कोणी पाहत नाही.

वेळ संपत आली, तरी एक राहिलं. डोळे वळणं आणि भिंग फुगणं जोडीनं होतं, हे मघाशी म्हटलं. काही लहान मुलांना अधिकचा मोठा नंबर असतो. त्यांना लांबचं पाहायलाही भिंग फुगवावं लागतं, आणि भिंग फुगलं की जोडीनं डोळा आत वळतो. दोन-तीन वर्षांचं पोर तिरळं दिसायला लागतं. आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, भाग्याचं लक्षण आहे, मोठं झालं की जाईल. नाही जात. पुष्कळदा नुसत्या चष्म्यानं डोळे सरळ होतात. रात्री चष्मा काढला की पुन्हा वळतात, तेव्हा आई घाबरून म्हणते चष्म्यानंच बिघडवलं. चष्म्यानं बिघडत नाही. चष्मा असताना भिंगाला विश्रांती असते, काढला की ते पुन्हा फुगतं, एवढंच. चष्मा झोपेपर्यंत डोळ्यांवर राहू द्या. आणि असं पोर घरात असेल तर ह्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. वळलेल्या डोळ्याकडे मेंदू लक्ष द्यायचं सोडून देतो, आणि उशीर झाला तर ती नजर परत मिळवणं फार अवघड जातं.

नमस्कार.