व्हिसा संपला, युद्ध संपलं नाही

नमस्कार श्रोतेहो.

बीड, धाराशिव, नांदेडकडच्या जुन्या माणसांना रझाकारांचा काळ विचारून बघा. 1947-48 मध्ये कितीतरी कुटुंबं नेसत्या वस्त्रानिशी निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर आपल्याच गावांतल्या मुसलमान कुटुंबांवर पळायची वेळ आली. त्याबद्दल मात्र आपण सहसा बोलत नाही.

आज संभाजीनगरच्या विद्यापीठात यमनची मुलं शिकायला येतात. त्यांच्या देशात 2014 पासून यादवी आहे. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, अशा पोरानं जावं कुठं?

जगाचा निर्वासित करार 1951 चा. त्याचं कलम 33 सांगतं, जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत धाडू नका. भारतानं त्यावर सही केलेली नाही. आणि करारातही एक मेख आहे. नुसतं युद्ध पेटलंय म्हणून कुणी निर्वासित ठरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा समाजगट, यांपैकी कशापायी तरी आपला छळ होईल अशी रास्त भीती दाखवावी लागते. आता बॉम्ब काय धर्म विचारून पडतो? आफ्रिकी देशांनी 1969 च्या आपल्या करारात युद्धातून पळालेल्यांनाही जागा दिली, ते शहाणपणाचं झालं.

आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. 2025 च्या नव्या परदेशी नागरिक कायद्यानंतरही काही ठरावीक गटांना तेवढी व्हिसा-पासपोर्ट नसल्याबद्दल सूट आहे. दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय मुलाखत घेऊन ओळखपत्र देतं, पण ते म्हणजे व्हिसा नव्हे.

मग उरतं संविधान. जीविताचा हक्क देणारं कलम 21 परक्यालाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं. मे 2021 मध्ये मणिपूर उच्च न्यायालयानं त्याच आधारे म्यानमारमधून आलेल्या सात जणांना, त्यात लेकरंही होती, दिल्लीच्या त्या कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ दिलं. पण त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयानं रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला नकार दिला होता. म्हणजे कुणाचं नशीब कुठं उघडेल, सांगता येत नाही. माझ्या मते हे दयेवर सोडू नये, कायदा हवा.

तोवर एक ध्यानात ठेवा. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर व्हिसाची मुदत संपायच्या आत मुदतवाढीसाठी अर्ज करायला सांगा. आणि बाई, लेकरू किंवा कोठडीतला माणूस असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं न्या. तिथं वकील फुकट मिळतो.