हरलो आणि विजेते झालो

मंडळी, मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या घरी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. तिथल्या तालमींच्या संघांपैकी वडील पाटाकडीलचे, मामा दिलबहारचे; सामना झाला की दोन दिवस अबोला. २००२ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात एम.एस.साठी आलो, तर इथल्या फुटबॉलला पाय फारसा लागतच नाही! पण नोव्हेंबरात रूममेटने ओढत स्टेडियमवर नेलं. समोर मिशिगन, शेजारच्या राज्याचं विद्यापीठ, आमचं जुनं वैर. आम्ही १४-९ पुढे. शेवटच्या क्षणी त्यांनी फेकलेला चेंडू गोललाइनपाशी आमच्या विल ॲलनने अडवून धरला, आणि थंडीत लाखभर माणसं एकदम उठली. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली ती सोडेचनात. झालं, मी कामातून गेलो.

मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. पोरकटपणा आहे, पण मला तो पेठेतला वाटतो.

आता पैशांचं. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक इवलीशी विजार मिळते, साखळीत घालण्याएवढी. १९३४ पासूनची पद्धत. २०१० च्या डिसेंबरात आमच्या पाच खेळाडूंवर पाच सामन्यांची बंदी आली. गुन्हा काय? स्वतःला मिळालेल्या वस्तू विकल्या, टॅटू स्वस्तात काढून घेतले. विकलेल्यांत अशी एक विजारही होती. पुढे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना राजीनामा द्यावा लागला, त्या हंगामातले विजय कागदावरून पुसले गेले. लाखभर तिकिटं विद्यापीठाने विकायची, टीव्हीचे पैसे विद्यापीठाने घ्यायचे, आणि पोराने स्वतःची वस्तू विकली तर तो चोर! २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात. माझी त्याला शंभर टक्के संमती आहे. ‘खेळातला निरागसपणा गेला’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, निरागस नक्की कोण होतं?

खेळाडू आता दर वर्षी संघ बदलू शकतो, यानेही मला फार त्रास होत नाही. आपण नाही का नोकऱ्या बदलत? नकाशाचा मात्र पार विचका झालाय. आमच्या ‘बिग टेन’ नावाच्या गटात आता अठरा संघ आहेत, त्यांत पार लॉस एंजेलिसचे दोन. स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियात, आणि खेळतं ‘अटलांटिक कोस्ट’ गटात. शेजाऱ्याशी भांडण हीच या खेळाची गंमत, आणि तीच टीव्हीच्या करारांपायी विकली.

पण मला खरं लागलं ते २०२४ मध्ये. आमचा संघ दोन कोटी डॉलरचा, मिशिगनचा हंगाम यथातथाच, सामना आमच्या घरी. तरी १०-१३ हरलो. सलग चौथ्यांदा. मैदानात झेंडा रोवण्यावरून मारामारी, पोलिसांनी फवारलेला मिरीचा स्प्रे. मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तर बायको इथेच बसलीय, ती हसेल. पण घास गोड लागला नाही. पूर्वी अशी हार म्हणजे हंगामाचा तेरावा. त्या वर्षी बाद फेरी चारऐवजी बारा संघांची झालेली, म्हणून आम्ही आत! टेनेसी, ओरेगन, टेक्सस यांना हरवलं, शेवटी २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३. राष्ट्रीय विजेते!

मी नाचलो, खोटं का बोलू. मध्यरात्री मुलाला म्हटलं, “पण मिशिगनचं काय?” तो म्हणाला, “बाबा, ते केव्हाचं झालं!” सात आठवडे झाले होते फक्त.

त्या संघात चार वर्षं इथेच खेळलेली पोरं होती. त्यांच्या बोटात विजेतेपदाची अंगठी आली, खात्यात पैसेही असतील. सोन्याची विजार मात्र तेव्हा एकाकडेही नव्हती.